दुसरा बिल्ला

मंगळवार, ३ मार्च

आलो एकदाचा. बसच्या ड्रायव्हरने फाटकापाशी उतरवताना दोनदा विचारलं, की इथेच ना, नक्की ना. मी काहीतरी विसरून उतरतो आहे आणि ती वस्तू म्हणजे माझी अक्कल, असा त्याचा चेहरा होता.

राष्ट्रीय उद्यान या नावाने माझी थोडी फसगत झाली हे खरं. उद्यान म्हटलं की संस्कृत शिकलेल्या माणसाला कमळांची तळी दिसतात, हंस दिसतात आणि विरहाने वाळलेली एखादी नायिका दिसते. इथे नायिका सोडून बाकी सगळंच वाळलेलं आहे. नजर पोहोचेल तिथवर पिवळी वाळू, काळे दगड आणि मुठीएवढी काटेरी झुडपं. तरी मन प्रसन्न झालं. आकाश इतकं मोठं आहे की आपल्याला कुणी विचारत नाही याचं वाईट वाटत नाही.

विश्रामगृहातली खोली नेटकी आहे. दोन लोखंडी खाटा, दोन पेले, दोन टॉवेल. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली उद्यानाचंच माहितीपत्रक घडी करून घातलेलं. माहितीचा असा भरीव उपयोग मी प्रथमच पाहिला. भिंतीवर पाटी आहे, की विंचवांना मारू नये. विंचवांसाठी तशी पाटी कुठे आढळली नाही.

आता खरं कारण. आमची ही शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर पहिली सहल इथे, हे ठरलेलं होतं. तिने पुस्तकांतून एकोणीस झाडाझुडपांची यादी एका वहीत उतरवून ठेवली होती, प्रत्येकापुढे खुणेसाठी छोटा चौकोन. निवृत्तीला तीन महिने उरले असताना ती गेली. त्याला आठ महिने झाले. चौकोन रिकामेच आहेत; त्याच वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितो आहे. ते भरायला मी आलोय, म्हणजे जिला सगळं कळत होतं तिच्या जागी ज्याला काही कळत नाही तो. ती म्हणायचीच, की संस्कृतात झाडाला सतरा नावं, आणि तुम्हाला दारातलं एक ओळखता येत नाही.

चोवीस वर्षं मी दर रविवारी वर्तमानपत्रात पत्र लिहितो. त्यात 'आमची ही' असते आणि वाचक तिला हसतात. छापायला देण्याआधी प्रत्येक पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवायचो. ती ऐकायची, आणि म्हणायची की ही बाई कोण आहे, एकदा ओळख करून द्या. लिहिता माझ्याबद्दल आणि दिसता तुम्हीच.

रविवारी लेक न्यायला येणार आहे. कायमचं. तिने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे. तिला सातवा महिना, एवढी दगदग नको म्हटलं तर ऐकत नाही. लहानपणापासूनची तिची रीत आहे. भांडत नाही, नुसते डोळे भरून समोर उभी राहते. चित्रगुप्तसुद्धा तिच्यासाठी वहीत खाडाखोड करील.

बुधवार, ४ मार्च

आज पहिली पायपीट. सकाळी चौकीवर गेलो. चौकीच्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. समोर जाडजूड नोंदवही. मागे फळीवर चाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर आकडा कोरलेला पितळी बिल्ला. पद्धत सोपी आहे. आत जाताना नाव, वेळ आणि किती जण ते लिहायचं. माणशी एक बिल्ला घ्यायचा. परतल्यावर तो खिळ्यावर लावायचा. चौकीच्या कोपऱ्यात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला आहे. संध्याकाळी सहा वाजता बाई फळीकडे बघतात आणि जितके खिळे रिकामे तितके टोल देतात. वाट चुकलेल्याने आवाजाच्या दिशेने यायचं. बाई म्हणाल्या, की भाऊ, मी तोंडं मोजत नाही, बिल्ले मोजते, तोंडं फसवतात.

वाळूतली वाट तीन-साडेतीन किलोमीटर. शेवटी एकच मोठं झाड आहे, बाभळीच्या नात्यातलं पण बाभूळ नव्हे, आणि त्याखाली बसायजोगा सपाट दगड. वहीतला चौथा क्रमांक. चौकोनात खूण केली. पाण्याची बाटली काढायला पिशवी उघडली तेव्हा पाहिलं, की माझ्याजवळ दोन बिल्ले आहेत. सतरा आणि अठरा.

किती जण या रकान्यात मी 'दोन' लिहिलं होतं. तीस वर्षं हॉटेलात, धर्मशाळेत, प्रदर्शनात, जिथे म्हणून कागद पुढे आला तिथे मीच भरला, कारण हिचा चष्मा कधी सापडायचा नाही. हाताने सवयीने लिहिलं. बाईंनीही मान वर न करता दोन काढून दिले. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे. मराठीने ते टाकून दिलं. मला अजून जमलेलं नाही.

अठरा नंबर एका काट्याला अडकवला आणि म्हटलं, हा तुझा, तू सांभाळ. आसपास कुणी नव्हतं, म्हणून लाज वाटली नाही. मग कालचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. 'अहो पंडित' अशी हाक कानावर येईल असं उगीच वाटलं. माझं वाचन फार लांबलं की ती हाक मारायची, आणि त्या दोन शब्दांत तीस वर्षांची थट्टा असायची.

परत आलो तो एकच बिल्ला घेऊन. अठरा तिथेच राहिला. बाईंनी दुसरा मागितला. मी म्हटलं, की बाई, मी एकटाच होतो, दुसरा आकडा चुकून लिहिला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, की नऊ वर्षांपूर्वी असंच एकजण म्हणाला होता, अगदी ह्याच शब्दांत, आणि मी दोनाचा एक करून दिला. तेव्हापासून या वहीत खाडाखोड होत नाही. बिल्ला येईल तेव्हा नोंद बंद होईल.

माझी पटवून द्यायची हौस तिथेच संपली. उद्या आणून देईन म्हटलं.

सहा वाजता एक टोल पडला. एकच. खोलीच्या पायरीवर बसून ऐकला. आठ महिन्यांत हिची वाट पाहणारं जगात मी सोडून कुणी नव्हतं. आज सरकारी नियमाने कुणीतरी पाहत होतं.

गुरुवार, ५ मार्च

सकाळी वनरक्षक बरोबर होता. सगळे त्याला उंट म्हणतात. उंच आहे, पाणी कमी पितो आणि बोलणं त्याहून कमी. उंटाला संस्कृतात क्रमेलक म्हणतात असं मी त्याला सांगितलं. थोडा विचार करून तो म्हणाला, की सर, उंटच बरं आहे.

त्याने यादीतली सतरा झुडपं ओळखून दिली, तेवढ्या खुणा झाल्या. वाळूतलं बोटभर नरसाळं दाखवलं, ज्याच्या तळाशी एक किडा मुंगी घसरून येण्याची वाट बघत पुरलेला असतो. एक चंडोल दाखवला, जो स्वतःचं गाणं कमी गातो आणि दुसऱ्यांची हुबेहूब म्हणतो. मग यादीतलं एकोणिसावं. वाळलेल्या काटक्यांची मिटलेली मूठ. उंटाने तिच्यावर बाटलीतलं झाकणभर पाणी ओतलं, आणि आम्ही बघत असता ती मूठ हळूहळू उघडली. जिवंत झालं म्हणालो. उंट म्हणाला, की नाही सर, ते केव्हाच मेलंय. पाणी पडलं की उघडतं एवढंच. त्याच्यापुढचा चौकोन मी रिकामाच ठेवला.

दुपारी तो टेहळणीच्या मनोऱ्यावर गेला आणि मी झाडाकडे. बिल्ला काट्यावर जागच्या जागी. दगडावर बसून कालचं सगळं वाचलं. वाचताना मागच्या बाजूला वाळू दबल्यासारखी वाटली, जसं कुणी ऐकायला बूड टेकतं. वळून पाहिलं नाही. पत्र वाचताना मध्ये वळलेलं तिला आवडायचं नाही.

बिल्ला घेतला नाही.

चौकीवर सांगितलं, की सापडला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी इतकं सरळ खोटं बोललो. बाईंनी नोंदवही मिटली. सहाला टोल पडला. तो ऐकण्यासाठीच खोटं बोललो होतो.

नंतर उंट आला. पायरीशी घुटमळला. विचारत होता, की दुपारी सरांबरोबर कोण बसलं होतं. दुर्बिणीतून दोन जण दिसले.

कुणी नव्हतं म्हणालो. पण लेकीचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, की बाबा, आवाज एवढा आनंदी कसा. आई गेल्यापासून आम्ही बापलेक रोज हवामानावर बोलतो. आज मी तिला हसवलं.

शुक्रवार, ६ मार्च

शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

बारा वाजता पोहोचलो. भर उन्हात कशालाच सावली नसते अशी वेळ. दगडाभोवती पावलांच्या दोन रांगा होत्या. एक माझी, कालची. दुसरी झाडामागून दगडापर्यंत येणारी. परत जाणारी नव्हती.

पाठ करून बसलो आणि वाचू लागलो. पानाच्या मध्यावर मागून हाक आली. अहो पंडित.

ओलसर, जवळून. मी रडलो हे लिहून टाकतो. विचारलं, की तूच का. उत्तर आलं, की ही बाई कोण आहे, एकदा ओळख करून द्या. आम्ही दोघं हसलो. मग विचारलं, की इतके दिवस कुठे होतीस. उत्तर आलं, की संस्कृतात झाडाला सतरा नावं. पुढे काय बोलायचं ते मला सुचेना, आणि तिलाही.

मी सोडून दिलं असतं. पण मी मास्तरणीचा नवरा. विचारलं, की तुझ्या डाव्या मनगटावर डाग कशाचा. शाळेच्या प्रयोगशाळेत तिचा हात भाजला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. आयुष्यभर त्या डागावर ती घड्याळ बांधायची. हे मी कधी लिहिलेलं नाही.

मागे वाळू जराशी सरकली. मग म्हणाली, की लिहा ना.

तेव्हा कळलं. जे मी वाचून दाखवलं तेवढंच तिला येतं. काटक्यांच्या मुठीवर मी तीन दिवस पाणी ओततो आहे.

पळालो नाही. चालत आलो, पण टोपी विसरलो.

संध्याकाळी उंटाला गाठलं आणि नऊ वर्षांपूर्वीचं विचारलं. त्याने फार आढेवेढे घेतले. तो माणूस नोंद बंद करून गाडीत बसून गेला, उंटाने स्वतः फाटक उघडलं होतं. पाचव्या दिवशी त्या झाडाखाली एक प्रेत मिळालं. उन्हाने सुकलेलं, पण ओळखू येत होतं. उंट म्हणाला, की सर, जो गाडीतून गेला तोच होता. कचेरीने कागदावर 'जुळा भाऊ असावा' असं लिहिलं. चौकशीला पाठवलेलं पत्र त्याच्या घरून परत आलं. घर बंद, आतली माणसं कुठे गेली ते कुणाला माहीत नाही.

शनिवार, ७ मार्च

जायचं नव्हतं. गेलो. टोपी आणायची हे स्वतःला सांगितलेलं कारण.

खरं कारण इथे लिहितो, कारण तिथे दगडावर बसून तेच लिहिलं, आणि लिहिलं की वाचतो, ही चोवीस वर्षांची खोड.

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात ती शुद्धीवर होती. दुपारचे तीन. तिने पाणी मागितलं. माझं रविवारचं पत्र पाठवायचं राहिलं होतं, आणि फोनला रेंज फक्त बाहेरच्या व्हरांड्यात. मी म्हटलं, दोन मिनिटं, आलोच. परतलो तेव्हा वीस मिनिटं झाली होती. पेला टेबलावर होता, भरलेला. तिचा हात त्याच्या दिशेने. पोहोचला नव्हता. पत्र छापून आलं. विनोदी होतं. त्यात आमची ही होती.

लेकीला हे माहीत नाही. तिला सांगितलं, की मी जवळच होतो.

वाळवंटात पखुर्डी नावाचा पक्षी आहे. नर सकाळी कोसभर उडत पाणवठ्यावर जातो, पोटाची पिसं भिजवतो आणि तेवढं पाणी पिलांसाठी घेऊन येतो. ही गोष्ट ती दर वर्षी सातवीच्या वर्गात सांगायची आणि घरी येऊन माझ्याकडे बघायची.

हे सगळं मोठ्याने वाचलं. क्षमा मागायची होती. ती नव्हे हे माहीत असून.

मागे घसा खाकरल्याचा आवाज आला. वाचायला सुरुवात करण्याआधी मी खाकरतो तसा. मग कुणीतरी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला; तो आवाज मला ओळखता येतो, दिवसातून वीसदा ऐकतो. आणि माझ्याच आवाजात, हळू, चव घेतल्यासारखं—

दोन मिनिटं.

मी पळालो. टोपी तिथेच. बिल्ला तिथेच.

तिचं खरं होतं. लिहितो तिच्याबद्दल आणि दिसतो मीच. चार दिवस मी तिला वाचून दाखवत नव्हतो, मला वाचून दाखवत होतो.

बाईंना सगळं सांगितलं, बिल्ल्याच्या खोट्यासकट. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, की भाऊ, बिल्ला आल्याशिवाय नोंद बंद होत नाही, आणि नोंद उघडी असली की हाक चालू राहते. टोल ऐकून जे यायचं ते येतं, मी काय बोलावते ते मला कुठे दिसतं. उद्या उंटाला घेऊन जा, दिवसाउजेडी आणा आणि लेकीबरोबर निघा.

आज टोल पडला तेव्हा कान झाकले.

रविवार, ८ मार्च

सकाळ. लेक चारला पोहोचणार. उंटाला नऊला निघायचं होतं. पलीकडच्या हद्दीत पर्यटकांची गाडी रुतली म्हणून त्याला नेलं. अकरा झाले. तो नाही. तिने यावं आणि बाप काट्याला अडकवलेल्या पितळेच्या तुकड्यापायी अडकलेला बघावा, हे नको. बाई थांबा म्हणत होत्या. मी म्हटलं, गेलो आणि आलो.

सतरा नंबर पिशवीच्या पट्ट्याला बांधून दिला त्यांनी. गाठ दोनदा ओढून पाहिली.

—

झाडाखाली लिहितोय.

काट्यावर बिल्ला नाही. पिशवी फांदीला लावून सगळीकडे शोधलं. वाळूत, दगडामागे. ऊन डोक्यात गेलं. बसलो. डोळे मिटले असतील, थोडे.

समोर तळहात. त्यावर अठरा. घेतला. आणायला आलो होतो तोच घेतला—

मग वर पाहिलं.

माझी टोपी. माझा चष्मा, डावी काडी दोऱ्याने बांधलेली, तीसुद्धा. चेहरा लिहीत नाही. रोज दाढी करताना बघतो तो.

माझा घसा कोरडा. आवाज फुटेना. पाणी मागितलं. मी. त्याच्याकडे.

त्याने फांदीवरची पिशवी काढली. बाटली त्यातच. पट्टा खांद्यावर घेतला. पट्ट्याला सतरा.

माझ्याकडे वळून मायेने म्हणाला. दोन मिनिटं, आलोच.

—

उठता येतं. चालताही येतं. वाटेने सरळ गेलो, ढिगारा, काळा दगड, वळण— आणि झाड. पुन्हा गेलो. झाड.

वाळूत पावलांची एकच रांग, फाटकाकडे. माझ्या बुटांची. बूट माझ्या पायांत आहेत. मागे वळून पाहिलं, आता चाललो तिथे— काही नाही. वाळू सपाट.

—

दूर धूळ. गाडी. चारच्या सुमाराला.

ती तिथे उभी असेल, कमरेवर हात ठेवून, उन्हात. तो बाटलीतलं पाणी तिला देईल. हवामानावर बोलेल. सगळं येतं त्याला. खोली रंगवलेली माहीत आहे. सातवा महिना माहीत आहे. मीच—

एक माहीत नाही. मनगटावरचा डाग कशाचा, ते. शुक्रवारचं पान वाचायचं राहिलं. लेकीला डाग माहीत आहे, त्याच्यावर बोट फिरवत झोपायची. विचार गं. सहज विचार, आईच्या हातावरचा डाग कशाचा होता—

ती कशाला विचारील. बाप समोर आहे.

—

उन्हं दगडावर आली. सहा.

टोल.

एक.

दोन नाहीत. सतरा खिळ्यावर आहे. अठरा माझ्या मुठीत.

एक पडला म्हणजे नोंद उघडी आहे. बाईंनी खोडलं नाही. बाई, खोडू नका. तो म्हणेल, एकटाच होतो, दुसरा आकडा चुकून लिहिला. ते वाक्यही माझंच. पण लेक म्हणेल— तिला वाटेल खरंच— की बाई, आई जाऊन आठ महिने झाले, बाबांना सवय आहे हो, एवढं खोडून टाका ना, आम्हाला लांब जायचंय.

ती भांडत नाही. नुसते डोळे भरून—

सोमवार

रात्र झाली असणार. आठवत नाही. तहान आहे.

सकाळी पखुर्ड्या गेल्या डोक्यावरून. पोटं भिजलेली. एक थेंब पडला, वहीवर, इथे.

यादीत एकच चौकोन राहिला. एकोणिसावा. खूण केली.

तिला ती वीस मिनिटं एवढीच लांब वाटली असतील का. पेला दिसत होता. दार दिसत होतं. आलोच म्हणालेला माणूस—

आवाज कुठून येतो ते ध्यानात ठेवलं आहे. डावीकडच्या टेकडीच्या खांद्यावरून. आज टोल पडला की झाडाकडे बघायचं नाही. डोळे मिटून आवाजाच्या मागे. बिल्ला आहे माझ्याजवळ. बाई तोंडं मोजत नाहीत. एक टोल पुरे. एकच—

ऊन दगडाच्या कडेला.

दगडावर.

सहा झाले. कान तिकडे लावले आहेत. वारा पडलाय. चंडोल गप्प. सगळं इतकं स्वच्छ ऐकू येतं, की आता रुळावर हातोडा पडला तर

दगडावरून ऊन उतरलं.

बाई सहाला कधी चुकत नाहीत. दोन मिनिटं इकडे तिकडे. दोन मिनि